जाहिरातीची जागा : दवंडीपासून टिचकीपर्यंत

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अग्रलेखांचा जितका कसून अभ्यास केला, तितका त्याच अंकाच्या शेवटच्या पानाचा केला नाही. कारण उघड आहे. अग्रलेखात विचार असतो, शेवटच्या पानावर केशतेल असते. ज्यांनी थोडेफार लक्ष दिले त्यांनीही जाहिरातीच्या भाषेचा, तिच्यातल्या चित्रांचा, फार तर तिच्यातून दिसणाऱ्या मध्यमवर्गाच्या हौसेचा विचार केला. ती जाहिरात तिथेच का छापली गेली, दुसरीकडे का नाही, हा प्रश्न मात्र बहुधा व्यवस्थापकाच्या खोलीत सोडून देण्यात आला. आम्हाला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जाहिरातीची जागा निवडणारा माणूस त्या क्षणी एक निवाडा देत असतो : ह्या ठिकाणी पैसे देणारा माणूस आहे, आणि त्या ठिकाणी नाही. असे हजारो निवाडे एकत्र केले, की कोणत्या काळी कोणाला ग्राहक मानले गेले आणि कोणाला नुसता वाचक, ह्याचा एक नकाशा तयार होतो. आंतरजालावरच्या कंपन्या आज हा निवाडा सेकंदाच्या अंशात देतात. पण त्याचा इतिहास आपल्याकडे बराच मागे जातो, आणि त्यात मराठी भाषेचे काही हितसंबंध गुंतलेले आहेत.

हा नकाशा वाचायला आम्ही एक गाव हाताशी घेतले आहे. गुंजवणे हे राजगडाच्या पायथ्याचे, वेल्हे तालुक्यातले गाव. (तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, ह्या नामांतराचा आमच्या विषयाशी एक गमतीदार संबंध आहे, तो पुढे येईल.) पुणे-सातारा रस्त्याने नसरापूरपाशी वळायचे, मार्गासनी आणि साखर मागे टाकायचे, की गुंजवणे. चोर दरवाजाने पद्मावती माचीवर जाणारी वाट इथूनच चढते. एकीकडे भोर, दुसरीकडे तोरण्याखालचे वेल्हे, आणि मधले हे गुंजण मावळ. पावसाळी भात, डोंगरउतारावरची नाचणी, घरटी एखादा मुलगा पुण्यात. जाहिरातशास्त्राच्या जुन्या कोष्टकांत अशा गावाला फारसे स्थान नव्हते. नव्या कोष्टकांत त्याला स्थान आहे, पण ते फार चमत्कारिक प्रकारचे.

छापखान्यापूर्वीची जाहिरात म्हणजे दवंडी, आणि दवंडी पिटणाऱ्याला जागेचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नव्हते. सरकारी हुकूम असेल तर चावडीपुढे, विकायचा माल असेल तर बाजाराच्या दिवशी बाजारात. कारण बाजारात आलेल्या माणसाच्या कनवटीला पैसे असतात, आणि ते खर्चायचे असे ठरवूनच तो घरून निघालेला असतो. हे तत्त्व वाचकांनी लक्षात ठेवावे. गूगल नावाच्या कंपनीची सारी श्रीमंती पुढे ह्याच तत्त्वावर उभी राहिली.

छापील मराठीचा आरंभच मुळी दोन गिऱ्हाइकांकडे एकाच वेळी पाहत झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले ते एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असे. त्यामागचे हेतू ज्ञानप्रसाराचे होते, व्यापाराचे नव्हते. तरीही एका पानावर दोन भाषा मांडताना दोन वेगळ्या ऐपतींचे, दोन वेगळ्या सत्तास्थानांचे वाचक गृहीत धरावे लागतात. पुढे १८८१ च्या जानेवारीत दोन तारखेला ‘मराठा’ आणि चार तारखेला ‘केसरी’ निघाला. तीच माणसे, तेच ध्येय, तेच शहर. पण इंग्रजी वाचणाऱ्यासाठी एक पत्र आणि मराठी वाचणाऱ्यासाठी दुसरे. त्यानंतर जाहिरातदाराला निवड करणे सोपे झाले. कोणत्या भाषेत किती पैसा आहे ह्याचा अंदाज तेव्हापासून व्यापाऱ्यांच्या मनात पक्का होत गेला, आणि तो अंदाज मराठीला कधीच फारसा अनुकूल नव्हता.

ह्या चाकोरीबाहेरचे एक उदाहरण मात्र आपल्या वाङ्मयेतिहासात ठळक आहे, आणि त्यावर आम्ही जरा थांबणार आहोत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले, तेव्हा त्यांच्यापुढची अडचण मालाची नव्हती, जागेची होती. नांगर विकत घेणारा शेतकरी वर्तमानपत्र वाचत नव्हता, आणि वर्तमानपत्र वाचणारा पांढरपेशा नांगर विकत घेत नव्हता. शिवाय लोखंडाने जमीन विषारी होते हा समज होताच. पुणे-मुंबईच्या पत्रांत कितीही जागा विकत घेतली असती, तरी ती चुकीच्या माणसांपुढे गेली असती. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. सुरुवातीचे तिचे रूप कारखान्याच्या बातमीपत्राचे होते. कारखाना, विक्रेते आणि गिऱ्हाईक ह्यांना जोडणारा तो धागा होता. योग्य जागा बाजारात विकत मिळत नसेल तर ती स्वतः निर्माण करायची, असा हा निर्णय होता. आजच्या कंपन्या हेच करतात आणि त्याला काहीतरी भारदस्त नाव देतात.

पुढचा भाग आपल्याला ठाऊक आहे. नांगराच्या खबरीचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाले, आणि विसाव्या शतकातल्या मराठी सुशिक्षित घराची निम्मी घडण ह्या तीन मासिकांनी केली असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. जाहिरातीसाठी शोधलेली जागा वाङ्मयाची जागा झाली. दिवाळी अंकांचेही असेच. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी कथा, कविता आणि समीक्षा ह्यांचा मोठा हिस्सा वर्षातल्या अशा एका महिन्यात छापला जाऊ लागला, की ज्या महिन्यात मराठी माणूस पाकीट सैल सोडतो. कापड, दागिने, साबण, अत्तरे ह्यांच्या जाहिरातींच्या पानांनी कथेच्या पानांचे पैसे दिले. मराठी साहित्याचा मोसम सणाच्या खरेदीने ठरवला आहे, आणि ह्यात कमीपणा मानण्याचे काही कारण आम्हाला दिसत नाही. मात्र ह्याचा अर्थ असाही होतो, की जाहिरातदाराने एखाद्या भाषेकडे पाठ फिरवली तर तिच्या लेखनाचे मानधन कोठून यायचे, हा प्रश्न केवळ व्यापारी राहत नाही.

नभोवाणीच्या काळात हा निवाडा सरकारी पातळीवर झालेला दिसतो. विविध भारतीवर व्यापारी जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून सुरू झाल्या, आणि त्यासाठी देशातली जी केंद्रे प्रथम निवडली गेली ती मुंबई, पुणे आणि नागपूर. खरेदीची ताकद असलेले श्रोते ज्या पट्ट्यात आहेत तिथून सुरुवात, हा त्यातला उघड हिशेब. परंतु ध्वनिलहरींना ऐपत तपासता येत नाही. पुण्याहून निघालेले साबणाचे गाणे मावळातल्या ज्या घरात रेडिओ होता तिथेही पोहोचले, आणि जे दुकानात मिळत नव्हते त्याची नावे लोकांना पाठ झाली. छापील आणि ध्वनिक्षेपित जाहिरातीचे हे वैशिष्ट्य होते : ती ज्याच्यासाठी होती त्याच्यापलीकडे सांडत असे. जाहिरातदाराच्या दृष्टीने ते नुकसान होते. समाजाच्या दृष्टीने ते काय होते, ह्याचे उत्तर इतके सरळ नाही. ज्याच्याकडून खरेदीची अपेक्षा नाही, त्यालाही त्याच चार ओळी ऐकू येत होत्या, एवढे तरी खरे.

हे सांडणे कमी व्हावे म्हणून माणसांची प्रतवारी सुरू झाली. १९८८ मध्ये बाजार-संशोधकांनी शहरी कुटुंबांची सामाजिक-आर्थिक वर्गवारी पक्की केली. मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि व्यवसाय हे तिचे निकष. खेड्यांसाठी वेगळे कोष्टक होते, आणि त्यात शिक्षणाच्या जोडीला घर पक्के, अर्धे पक्के की कच्चे हे पाहिले जाई. कुडाच्या भिंतीचे घर म्हणजे खालची पायरी. कोकणात आणि मावळात पावसाच्या हिशेबाने, डोंगराच्या दगडमातीने जी घरे शतकानुशतके बांधली गेली ती ह्या कोष्टकात ‘कच्ची’ ठरली. २०११ मध्ये ही पद्धत बदलली आणि घरातल्या टिकाऊ वस्तू मोजण्याची रीत आली. कोष्टकाने घराच्या बाहेरून आत डोकावायला सुरुवात केली, इतकेच.

आंतरजाल आले तेव्हा मराठी ग्राहक कुठे आहे ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर फार विलक्षण होते. तो पुण्यात नव्हता, तो न्यू जर्सीत होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले केले. पुढल्याच वर्षी मुंबईत रीडिफ सुरू झाले. त्याचे संस्थापक अजित बालकृष्णन हे मूळचे जाहिरात क्षेत्रातले. १९७३ साली स्थापन झालेल्या रीडिफ्यूजन ह्या जाहिरात संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. भारतातले पहिले मोठे आंतरजाल-प्रतिष्ठान एका जाहिरातकाराने उभारले हा योगायोग नव्हे, असे आम्हाला वाटते. २००० च्या जूनमध्ये रीडिफची नोंदणी मुंबईच्या नव्हे तर अमेरिकेतल्या नॅसडॅक बाजारात झाली, आणि २००१ मध्ये कंपनीने न्यू यॉर्कहून निघणारे ‘इंडिया अब्रॉड’ हे भारतीयांचे साप्ताहिक विकत घेतले. ह्या खरेदीमागचे गणित समजायला फार खोलात जावे लागत नाही. संगणकावरून पैसे देण्यासाठी क्रेडिट कार्ड लागत होते, आणि ते देशातल्या मराठी घरांत दुर्मीळ, परदेशातल्या मराठी घरांत सार्वत्रिक होते. म्हणून त्या काळातल्या जाहिराती आठवून पाहाव्यात : मायदेशी पैसे पाठवण्याच्या सेवा, दूरध्वनीची कार्डे, विमानाची तिकिटे, आईवडिलांना पाठवायची फुले आणि मिठाई, आणि अर्थात विवाहस्थळे. एडिसनमधला मुलगा पैसे देणार, भेट मात्र सदाशिव पेठेत पोहोचणार. जाहिरात दाखवायची कुणाला? पैसे देणाऱ्याला. सदाशिव पेठ फक्त वितरणाचा पत्ता होती. मायबोली हे मराठी संकेतस्थळही १९९६ साली अमेरिकेतल्या मराठी मंडळींनीच सुरू केले, आणि मराठी पुस्तके जालावरून विकत घेणारा आरंभीचा वाचकवर्गही बराचसा परदेशातच होता.

आता यंत्रणेकडे वळू. तिची रचना समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडत नाही.

संकेतस्थळावरची पहिली आडवी चित्रपट्टी ‘हॉटवायर्ड’वर २७ ऑक्टोबर १९९४ रोजी लागली असे सामान्यतः मानले जाते. तिचा व्यवहार वर्तमानपत्रासारखाच होता. इतक्या जणांना दाखवा, इतके पैसे घ्या. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बिल ग्रॉस ह्यांच्या ‘गोटू’ कंपनीने त्यात मूलभूत बदल केला. जाहिरात दाखवण्याचे पैसे नकोत, तिच्यावर कोणी टिचकी मारली तरच द्या. आणि कोणत्या शोधशब्दाशेजारी कोणाची जाहिरात लागावी ते लिलावाने ठरू द्या. गूगलने २००० च्या ऑक्टोबरमध्ये ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ आणले ते अजून जुन्याच पद्धतीचे होते. २००२ मध्ये तिथेही टिचकीचा लिलाव आला, पण एका महत्त्वाच्या सुधारणेसह.

गुळटेकडीच्या मार्केट यार्डात सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्याला माल मिळतो. इथे तसे नाही. समजा, ‘राजगड मुक्काम’ ह्या शब्दांसाठी एका सहल-आयोजकाने टिचकीमागे १० रुपये देऊ केले आणि दुसऱ्याने ६. पहिल्याची जाहिरात १०० जणांना दाखवली तर एक जण टिचकी मारतो. दुसऱ्याची दाखवली तर तिघे मारतात. म्हणजे १०० दर्शनांमागे पहिल्याकडून १० रुपये येतील आणि दुसऱ्याकडून १८. जागा दुसऱ्याला. बोली आणि टिचकीची शक्यता ह्यांचा गुणाकार, हे त्या लिलावाचे मर्म. दवंडीचे तत्त्व इथे पुन्हा भेटते : शोधयंत्रात ‘राजगड मुक्काम’ लिहिणारा माणूस बाजाराच्या दिवशी घरून निघालेल्या माणसासारखा असतो. त्याला पटवायचे नसते. त्याला फक्त दुकान दाखवायचे असते.

पण जाहिरातदाराची भूक टिचकीने भागेना. टिचकी मारणारे पुष्कळ, पैसे देणारे थोडे. मग कंपन्यांनी टिचकीपासून खरेदीपर्यंतच्या वाटेवर खुणा पेरल्या आणि उलटा हिशेब मांडला. टिचकीला ५ रुपये पडतात आणि पन्नासांत एक जण खरेदी करतो असे धरले, तर एक ग्राहक २५० रुपयांना पडला. त्या खरेदीत नफा २०० चा असेल तर ही जागा घाट्याची. मात्र तोच ग्राहक वर्षभरात तीनदा परत येणार असेल, तर २५० ही किंमत स्वस्त. विमा, कर्ज आणि विवाहस्थळे ह्यांना शोधशब्दांसाठी भारी बोली परवडते ती ह्याच कारणाने. पुस्तकविक्रेत्याला ती परवडत नाही. (मराठी कवितासंग्रहाच्या प्रकाशकाने ह्या लिलावात उतरण्याचा विचार आम्हाला करवत नाही.) प्रत्यक्षात कंपनी दहा-वीस ठिकाणी थोडेथोडे पैसे टाकते, कुठल्या ठिकाणचा ग्राहक कितीला पडला ते मोजते, महाग ठिकाणे बंद करते आणि स्वस्त ठिकाणी पैसे वाढवते. एवढेच. ह्यात कोणाची आवडनिवड नाही, कोणाविषयी आकस नाही. एखादे गाव किंवा एखादी भाषा वगळली जाते ती तिच्याविषयी मत बनवून नव्हे, तर बेरीज करून. म्हणूनच ह्या निर्णयाविरुद्ध तक्रार कोणाकडे करायची ते कळत नाही.

२०१० मध्ये गूगलने, एकदा दुकानात डोकावून गेलेल्या माणसाचा पिच्छा इतर संकेतस्थळांवर पुरवण्याची सोय जाहिरातदारांना दिली. २०१३ मध्ये फेसबुकने आणखी एक पाऊल टाकले : तुमच्या पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांची यादी आम्हाला द्या, त्यांच्यासारखी दिसणारी माणसे आम्ही शोधून देतो. इथे आमच्या विषयाच्या इतिहासाला वळण मिळते. शंभर-सव्वाशे वर्षे ‘जाहिरात कुठे लावावी’ असा प्रश्न होता, तो ‘कोणाला दाखवावी’ असा झाला. एकच पान दोघे वाचतात आणि त्यांना दोन वेगळ्या जाहिराती दिसतात. सांडणे संपले. ज्याने पूर्वी पैसे दिले, त्याच्यासारखा जो दिसतो त्यालाच विचारले जाते. आणि ज्याला कधी विचारलेच गेले नाही, त्याच्यासारखे दिसणाऱ्यांनाही मग विचारले जात नाही.

ह्या यंत्रणेत मराठीचे काय झाले? २००३ मध्ये गूगलने ‘अ‍ॅडसेन्स’ सुरू केले. कोणाही लेखकाच्या पानावर त्याच्या मजकुराशी जुळणारी जाहिरात कंपनी लावणार आणि उत्पन्नाचा वाटा लेखकाला देणार, अशी ही योजना. इंग्रजीत लिहिणाऱ्या असंख्य हौशी लेखकांना तिने चार पैसे दिले. मात्र अट अशी, की मजकूर यंत्राला वाचता आला पाहिजे, आणि तो कंपनीने मान्य केलेल्या भाषांच्या यादीतल्या भाषेत असला पाहिजे. मराठी दोन्ही ठिकाणी अडली. त्या वर्षांत अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास टंकांत होती. डोळ्यांना देवनागरी दिसे, पण यंत्राला त्यातून रोमन अक्षरांची निरर्थक रास वाचायला मिळे. युनिकोड रुळल्यावर पहिली अडचण हळूहळू दूर झाली. दुसरी राहिली. ‘अ‍ॅडसेन्स’च्या यादीत हिंदी २०१४ च्या डिसेंबरमध्ये आली, बंगाली २०१७ मध्ये, तमिळ आणि तेलुगू २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी त्यांच्या मागून मराठी. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी जी आपली मातृभाषा म्हणून नोंदवली, तिच्यात लिहिलेल्या पानावर जाहिरात लावण्याजोगी ती भाषा आहे हे ठरायला, योजना सुरू झाल्यापासून १५ वर्षे लागली. (अभिजात दर्जा त्यानंतर सहा वर्षांनी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाला. दोन्ही दर्जांपैकी कोणत्यासाठी आपण अधिक तळमळलो, ते सर्वांना ठाऊक आहे.)

ह्या पंधरा वर्षांचे मोल आम्हाला मोठे वाटते. मराठीत जालावर लिहिणाऱ्यांची एक अख्खी पिढी ह्याच काळात घडली. तिने विपुल लिहिले, उत्तम लिहिले, आणि फुकट लिहिले. फुकट लिहिण्यात एक स्वातंत्र्य असते हे खरे. टिचक्या मोजत मथळे रचण्याचा मोह तिच्यापुढे उभा राहिला नाही. पण दिवाळी अंकाने साबणाच्या पैशातून कथालेखकाला जे तुटपुंजे मानधन दिले, तेवढेही ह्या पिढीला मिळाले नाही, आणि तिच्यातले अनेकजण नोकरी-संसाराच्या रेट्यात लिहायचे थांबले. २०१७ मध्ये गूगल आणि केपीएमजी ह्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१६ मध्ये भारतीय भाषांतून आंतरजाल वापरणारे २३ कोटी ४० लाख होते आणि इंग्रजीतून वापरणारे १७ कोटी ५० लाख. म्हणजे वाचक आधीच तिकडे गेले होते. जाहिरात त्यांच्यामागून आली. आल्यावरही ती लिलावाच्याच नियमाने आली. ज्या शब्दावर बोली लावणारे थोडे त्याचे मोल कमी, हा नियम भाषेलाही लागू पडतो. लग्न, कर्ज, विमा ह्यांवर मराठीत बोली लागते. समीक्षेवर लागत नाही. ह्यात नवीन असे काही नाही, परंतु पूर्वी एकाच अंकाच्या पुठ्ठ्यात साबण समीक्षेला सांभाळून घेत असे. आता प्रत्येक पानाने आपापले कमवायचे आहे.

देशातला मराठी माणूस पैसे देणारा कधी झाला, ह्याची कथा वेगळी आहे आणि तिचा एक सूत्रधार चक्क कवी होता. टपालाची पिन क्रमांकांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्याचे वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावे आणि नाना लिप्यांतले पत्ते ह्यांचा गोंधळ मिटावा, पत्र योग्य दारी जावे, एवढाच त्यांचा उद्देश होता. चाळीस वर्षांनी तेच सहा आकडे ग्राहकाची जात सांगू लागले. पुणे शहराचा पिन ४११ ने सुरू होतो, भोर-वेल्ह्याकडचा ४१२ ने. संकेतस्थळावर वस्तू निवडावी, पिन लिहावा, आणि ‘ह्या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर यावे, हा ४१२ वाल्यांचा कित्येक वर्षांचा अनुभव. जिथे माल पोहोचत नाही तिथे जाहिरात दाखवण्यात अर्थ नव्हता. आणि जिथे जाहिरात नाही तिथून मागणीही नोंदवली जात नव्हती.

ती कोंडी तीन-चार वेगळ्या दिशांनी फुटली. रेल्वेने २००२ च्या ऑगस्टमध्ये जालावर तिकिटे विकायला सुरुवात केली आणि मध्यमवर्गाला संगणकापुढे बसून पैसे देण्याची सवय लावली. फ्लिपकार्टने २०१० मध्ये वस्तू दारात आल्यावर पैसे देण्याची सोय केली. कार्ड नसलेला आणि कार्डावर विश्वास नसलेला माणूस त्यामुळे ग्राहक होऊ शकला. २०१६ मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओने स्वस्त जोडणी दिली, आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. ह्यातले कोणते पाऊल शहाणपणाचे आणि कोणते नव्हते ह्या वादात आम्ही इथे शिरत नाही. नसरापूरच्या किराणा दुकानात चौकोनी ठिपक्यांचे चित्र भिंतीला चिकटले, इतके पुरे.

आणि गुंजवणे? जाहिरात विकणाऱ्या गूगलच्या यंत्रणेत स्थळ निवडताना दोन पर्याय असतात, आणि त्यांच्यातला फरक ह्या गावाइतका स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसेल. एक पर्याय असा, की जे लोक त्या स्थळी आहेत त्यांनाच जाहिरात दाखवा. दुसरा असा, की जे तिथे आहेत त्यांच्याबरोबर ज्यांनी त्या स्थळाविषयी रस दाखवला आहे त्यांनाही दाखवा. गुंजवण्यात राहणारी माणसे मूठभर; गुंजवण्यात रस असलेली माणसे कोथरूड, हिंजवडी आणि ठाण्यात हजारोंनी. जाहिरातदाराला हवे आहेत ते हे दुसरे. गावाचे नाव लिलावात आहे. गावाचे लोक त्या लिलावाचे लक्ष्य नाहीत. तंबू, बूट, पाठपिशव्या, रात्रीची चढाई, न्याहारीसह मुक्काम असे सारे ‘राजगड’, ‘गुंजवणे’ ह्या शब्दांभोवती विकले जाते, आणि ते विकणारा बहुधा शहरातला असतो, कारण टिचकीमागे पैसे मोजून महिनाभर वाट पाहण्याची ऐपत त्याच्याकडे असते. किर्लोस्करांपुढे गिऱ्हाईक खेड्यात आणि जाहिरातीची जागा शहरात अशी अडचण होती. इथे वस्तूच खेड्यात आहे, आणि गिऱ्हाईक, जागा व दलाल सगळे शहरात.

नामांतराची गंमत इथे येते. तालुक्याचे नाव राजगड झाल्याने ‘राजगड’ ह्या शब्दाचे दोन अर्थ झाले : एक किल्ला आणि एक तालुका. तहसील कचेरीचा दाखला शोधणारा शेतकरी आणि शनिवारची चढाई शोधणारा संगणक-अभियंता आता शोधयंत्रात एकच शब्द लिहितील. यंत्र त्यांच्या मागच्या खरेदीवरून ओळखेल, की कोणाला तंबू दाखवायचा.

गावातल्या घरांनी ह्यावर आपली तोड काढली आहे. नकाशावर आपल्या घराची खूण करणे फुकट असते; त्यासाठी लिलावात उतरावे लागत नाही. शिवाय गडाच्या वाटेवर, चढण सुरू होण्यापूर्वी जिथे प्रत्येक जण पाणी भरून घ्यायला हमखास थांबतो, तिथे रंगाने लिहिलेल्या पाट्या असतात : पिठले-भाकरी मिळेल, राहण्याची सोय आहे, खाली भ्रमणध्वनी क्रमांक. वर जाताना लोक त्या वाचतात. खाली उतरताना, गुडघे बोलू लागल्यावर, क्रमांक फिरवतात आणि पैसे फोनवरून देतात.